टाकीतला धोटा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : खाऱ्या पाण्यातल्या शोभिवंत माशांच्या टाक्यांची तपासणी

महोदय,

यंत्रमागावरचा धोटा कसा पळतो हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तीन फुटी टाकीतला ब्लू टँग हा निळा समुद्री मासा तसाच पळतो. उजव्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपापाशी वळतो, काचेला तोंड घासत डाव्या टोकाला जातो, तिथे त्याच उंचीवर, त्याच बाजूला वळून परत येतो. काही दिवसांत तोंडाच्या टोकाला पांढरा ओरखडा उमटतो. बघणारे कौतुकाने म्हणतात, "किती चपळ आहे!"

ही चपळाई नव्हे. हा मासा पूर्ण वाढला की सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो आणि प्रवाळांवरच्या वाहत्या पाण्यात राहतो. ९० सेंटिमीटरच्या टाकीत १५ सेंटिमीटरच्या पिल्लालाही स्वतःच्या सहा लांब्यांइतकीच जागा मिळते. मग तीच फेरी, तेच वळण.

फेऱ्या मारणारा प्रत्येक मासा त्रासातच असतो असं मात्र नाही. खाण्याच्या वेळी सगळेच काचेला चिकटतात. क्लाउनफिश हा पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा समुद्री मासा एका जागी अंग वळवळवत राहतो, ती त्याची रीतच आहे. म्हणून निरीक्षण खाण्याच्या वेळेपासून दोन तास दूर, सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं करावं. मासा वळतो तिथे काचेवर बाहेरून मार्करने खूण करावी. जवळजवळ प्रत्येक वळण खुणेवरच पडत असेल आणि शेजारून दुसरा मासा गेला तरी वाट मोडत नसेल, तर ती टाकी तपासायला घ्यावी.

आधी पाणी तपासायचं, कारण बिघडलेल्या पाण्यातही मासा असाच सैरभैर होतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, विशिष्ट गुरुत्व (पाण्यात मीठ किती याचं माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश. शेवटचा आकडा आमच्याकडे मे महिन्यात कूलिंगशिवाय टिकत नाही. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ६.२. पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर पाण्यावर पंखा लावावा. आमच्या कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो. पण पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. पातळी राखायला पुन्हा खारं पाणी ओतलं की क्षारता रोज थोडी चढते. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओचं पाणीच घालायचं.

हे पाणीही फुकट येत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात एक लिटर आरओ पाण्यासाठी दोन-तीन लिटर सांडपाण्यात जातं. लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ लागतं. ते वेगळ्या पिंपात पंप लावून दिवसभर ढवळायचं, टाकीत थेट टाकायचं नाही. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचा समतोलच नसतो.

पाणी ठीक असेल तर आरसा शोधावा. टाकीत झगझगीत उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेत माशाला स्वतःचंच रूप दिसतं. टँग तर आपल्या जागेवर दुसरा टँग आला असं समजून भिडतो. बाजूच्या काचेला बाहेरून फिका कागद ओला करून चिकटवावा. कोरडा लावला तर काच आणि कागदामध्ये हवा राहते आणि आरसा तसाच राहतो. हा उपाय जवळजवळ फुकटातला आहे. एक-दोन दिवसांत फेऱ्या तुटल्या तर कारण सापडलं.

नाहीच तुटल्या, तर जागा, प्रवाह आणि आडोसा. टँगला किमान सहा फूट लांबी लागते. सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी सुमारे ६८० लिटरची होते. दगड भिंतीसारखे मागे न रचता मधोमध दोन ढीग करावेत, म्हणजे मासा त्यांना वळसे घालतो. दोन टोकांना दोन पंप ठेवून प्रवाहाची दिशा आलटून-पालटून बदलावी. नवा मासा आणला की पहिला दिवस टाकीच्या तीन बाजूंना चादर टाकावी (सोलापुरात चादरींना तोटा नाही), वरची बाजू उघडी ठेवावी.

महोदय, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात क्लाउनफिशही येत नाही. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले आणि ते मागेही घेतले. ते नियम अतिरेकी होते हे आम्हालाही मान्य आहे, पण त्यांच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

सगळ्यात जास्त काळजी मंडपांतल्या टाक्यांची वाटते. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. जत्रा-प्रदर्शनं बहुधा त्याआधीच आटोपतात, म्हणजे टाकी तयार होते तेव्हा मंडप उतरत असतो. आयोजक जुनं, जिवंत फिल्टर-माध्यम (हे जिवाणू आधीच वसलेला फिल्टरचा भराव) ओलं ठेवून सोबत आणत असतील तर ते दाखवावं. नसेल तर अशा मंडपात खाऱ्या पाण्याचे मासे ठेवायला परवानगी देऊ नये. गोड्या पाण्याचे ठेवावेत, तेही मोजून.

कायम दुकानांसाठी आमचं मागणं छोटं आहे. प्रत्येक टाकीवर लांबी, लिटर आणि माशाची पूर्ण वाढीतली लांबी लिहिलेली पाटी, तापमान आणि विशिष्ट गुरुत्वाची रोजची नोंदवही, वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा एअर पंप, आणि तपासनिसाच्या फॉर्ममध्ये "दहा मिनिटांतली वळणं" असा एक रकाना. सुरुवात क्लाउनफिशपासून व्हावी. त्याची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे, टाकीतच वाढलेलं पिल्लू मिळतं आणि ते लहान जागेतही नांदतं.

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, जानेवारीत भरतो. त्या मोसमात असा मंडप कुणी मागितलाच, तर फिल्टर-माध्यमाची अट अर्जावर त्याआधी आलेली असावी. फॉर्मचा मसुदा आणि मोजमापाची पद्धत आपल्या सोलापूर कार्यालयात समजावून सांगायला आम्ही तयार आहोत. टेस्ट किट आमच्याकडची आणू.

आपले,
सोलापुरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही जण

प्रत : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर; मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका