सहकुटुंब दौडीसंबंधी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये बडोदेकरांसाठी उभारलेल्या कमाटीबागेत आपली ३ किलोमीटरची सहकुटुंब दौड होईल. कुटुंबाची वेळ त्यातील शेवटची व्यक्ती पोहोचल्यावरच नोंदली जाणार असल्याने, धावताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा आणि तो घरातील सर्वांत लहान मुलाला ठरवू द्यावा. गेल्या खेपेस आजीचा हात धरून शेवटपर्यंत आलेली नात पाहून आम्हा सर्वांनाच मनापासून समाधान वाटले होते. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत, कारण पायाला फोड येतात. बडोद्याचा उकाडा लक्षात घेऊन प्रत्येकाने पाण्याची बाटली आणावी. नावे शुक्रवारपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत.