शनवार तेल्यांचं कब्रस्तान

संपादक साहेब, नमस्कार.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, किहीमच्या बाजूला. गावाच्या टोकाला बेने इस्राएल, म्हंजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांचं जुनं कब्रस्तान आहे, म्हंजे आता रानच जास्त दिसतं. परवा शेजारच्या जागेत प्लॉटिंगसाठी जेसीबी आला आणि कडेचा गडगा पाडून दोन दगड उलथून टाकले. ड्रायव्हर म्हणतो, मला वाटलं जुन्या घराचं जोतं आहे. त्याला तरी काय बोलणार, नावं सगळी शेवाळाखाली गेलीत.

गावात बंगले बांधलेल्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. त्या लोकांत अशी गोष्ट सांगतात की नवगावजवळ त्यांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीची प्रेतं नवगावलाच पुरली, तिथे आता स्मारक पण आहे. पुढे तेलाचा घाणा, शनवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आडनावं गावांवरून, किहीमकर, चौलकर, झिराडकर, पेणकर. १९४८ ला इस्राएल झालं आणि मग हळूहळू घरंच्या घरं रिकामी झाली. आमच्या शेजारच्या आजी निघताना पाटा-वरवंटा आमच्याकडे ठेवून गेल्या आणि आजोबांना म्हणाल्या, आमच्या माणसांवर लक्ष ठेव रे. आजोबा दर दिवाळीला कोयता घेऊन झाडी तोडायला जायचे, नंतर बाबा. मी पनवेलला नोकरीला, सहा वर्षं तिकडे फिरकलो नाही, खोटं कशाला बोलू.

दगडांवर वर हिब्रू आणि खाली चक्क मराठी. एका छोट्या दगडावर 'वय वर्षे ४' एवढंच वाचता यायचं, लहानपणी तिथून पळत जायचो. मागच्या वर्षी त्या आजींची पणती आली होती, बाबांनी तासभर शोधून तिच्या खापरपणज्याचा दगड दाखवला, तिने त्यावर एक खडा ठेवला, त्यांच्यात फुलं नाही खडा ठेवतात. उलथलेल्या दोनांत तो एक आहे. तिला काय कळवू सांगा.

राज्य सरकारने २०१६ ला ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलंच झालं, पण इथे हद्दीची मोजणी कोण करणार? आणि कृपा करून सुशोभीकरण नको, पेव्हर ब्लॉक बसले की कबरी गायबच. आधी प्रत्येक दगडाचा फोटो आणि नाव लिहून घ्या, कंपाउंडचं नंतर बघू.

येत्या रविवारी आम्ही चार-पाच जण सकाळी जातोय. कोयता आणा, पाण्याची कळशी आणा, तारेचा ब्रश मात्र आणू नका, अक्षरं जातात, नारळाचं सोडण पुरे.

— एक वाचक, ता. अलिबाग