सुई सकाळपासून पडत होती

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. बायडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्नेटरटनच्या रेस ट्रॅकवर तुझ्या एमजीबीचं, त्या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचं, इंजिन फुटलं. परवा फोनवर "आबा, इंजिन गेलं, मी संपलो" एवढंच बोललीस आणि पुढं नुसती रडलीस. नऊ वर्षं कॉव्हेंट्रीत काढलीस तरी रडताना कोल्हापुरी पोरीसारखं 'संपलो'च म्हणतेस, यावर तुझ्या आईला त्यातही हसू आलं. मला मात्र काही सुचलं नाही. हातात वस्तू असल्याशिवाय मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून तू पाठवलेले सतराच्या सतरा फोटो स्टुडिओतून मोठे छापून आणले, उद्यमनगरातल्या आपल्या दुकानात बेंचवर ओळीनं मांडले आणि भिंग घेऊन बसलो. शेजारच्या फौंड्रीवाल्यानं दोनदा डोकावून विचारलं, कुणाची पत्रिका बघताय का. लिहून झालं की याचा फोटो काढून पाठवतो.

आधी हे सांगतो, की तुला काही झालं नाही, गाडी पेटली नाही, बाकी सगळं लोखंड आहे. ब्लॉक फोडून निघालेलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की काय होतं ते मी पाहिलंय. तुझा रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा, एक्झॉस्टच्या विरुद्ध अंगानं बाहेर आला. हे नशीब. अंबाबाईला नारळ आईनं कालच फोडला.

आता तू विचारलंस ते. "बोल्ट खराब निघाले का?"

सहा नंबरच्या फोटोत तिसऱ्या रॉडचे दोन्ही बोल्ट आहेत. डावीकडचा मधे बारीक होऊन तुटलाय, गुळाच्या पाकाची तार ओढावी तसा. बोल्ट जर थकून मेला असता, म्हणजे आतून चीर हळूहळू वाढत गेली असती, तर तुटलेलं तोंड सपाट दिसलं असतं आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक गोल रेषा दिसल्या असत्या. भिंगातून बघितलं, फोटो उलटा करून बघितला, रेषा नाहीत. हा बोल्ट धडधाकट होता, त्याला कुणीतरी ताकदीबाहेर ओढला. दुसरा तर आधी वाकलाय, मग तुटलाय, म्हणजे तो पहिल्याच्या नंतर गेला. बोल्टांवर राग काढू नकोस. ते शेवटपर्यंत धरून होते.

अकरा नंबरच्या फोटोत क्रँकची तिसरी पिन आहे, तिसरा रॉड जिच्यावर बसतो ती. निळी-जांभळी. घासलेलं पोलाद दोनशेवीस अंशांच्या आसपास गवतासारखं पिवळं होतं, तीनशेच्या आसपास निळं. इंजिनातलं तेल शंभर-सव्वाशेच्या पुढं जाऊ नये. म्हणजे ब्लॉक फुटायच्या आधी ती पिन कोरडी घासत होती, आणि बराच वेळ. बारा नंबरमध्ये तिचं बेअरिंग आहे. त्याच्या दोन्ही अर्धगोल वाट्या एकीत एक शिरून पत्र्याच्या पानासारख्या पातळ झाल्यात आणि पाठीकडून आरशासारख्या चकाकतायत. बेअरिंगची पाठ रॉडमध्ये घट्ट बसलेली असते, ती चकाकायचं कारणच नाही. ती चकाकली म्हणजे बेअरिंग रॉडच्या आत फिरलं. आपल्याकडं येणाऱ्या दहा मेलेल्या इंजिनांत एखाद्यात तरी हे असतंच, तू शाळेतून येऊन टेबलावर डबा खायचीस तेव्हा बघितलंयस.

पण हे सगळं तुलाही कळलं असणार. खरा फोटो चौदा नंबरचा आहे, तो तू बहुतेक चुकून पाठवलास. दोन नंबरच्या पिनचं बेअरिंग. ते फिरलेलं नाही, तुटलेलं नाही, बघणारा म्हणेल चांगलंय. पण वरचा करडा थर पुसला गेलाय आणि खालचं तांबं दिसतंय. या वाट्यांना तीन थर असतात, पाठीला पोलाद, मधे तांबं-शिसं, वर शिसं-कथलाचा केसाहून पातळ लेप. तो लेप गेलाय. कचरा गेला असता तर ओरखडे पडले असते, रेघा दिसल्या असत्या. इथं रेघ नाही, गुळगुळीत पुसलंय, लोणी पुसावं तसं. तिसरा रॉड त्याच्या स्वतःच्या दोषानं मेला असता तर शेजाऱ्याला हे व्हायचं कारण नव्हतं. दोघांनाही तेल मिळत नव्हतं. तिसरा आधी गेला, आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या तर दुसरा गेला असता.

आता तेल का मिळालं नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल होतं, पंप चांगला होता, तूच तपासलंस. मग मला स्नेटरटनचा नकाशा काढून बघावा लागला. नॉरफोकमधलं ते जुनं विमानतळाचं मैदान, आणि तिथलं ते कोरम नावाचं उजवं वळण, जे सुरू होतं ते संपतच नाही. तुझी एमजीबी तिथं चांगल्या चिकट टायरवर, पूर्ण रेसवर, सेकंदामागून सेकंद उजवीकडं वळत राहिली. तेल काय करणार? चेंबरच्या डाव्या भिंतीवर चढून बसलं. पंपाच्या चाळणीनं तेल ओढायच्या जागी हवा ओढली. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे इंजिन सेकंदाला शंभर फेरे घेतं. एक सेकंद तेल नाही म्हणजे पिनचे शंभर फेरे. इंजिन पळत असताना पिन बेअरिंगला टेकत नसते, मधे तेलाचा काही मायक्रॉनचा पडदा असतो, त्यावर ती तरंगते. त्या पडद्यात हवेचे बुडबुडे आले की तरंगणं संपलं.

गाडी अॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिचे पंचाण्णव घोडे होते, ५४०० ला. टायर अरुंद, मागं पट्ट्यांची स्प्रिंग. त्या टायरवर कोरमला तेवढं जोरात वळताच आलं नसतं, गाडीच आधी घसरली असती. तू ब्लॉक बोअर करून १७९८ सीसीचा १९५० केलास, ॲल्युमिनियमचं हेड घातलंस, गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा), वेबर कार्ब्युरेटर, हलकं फ्लायव्हील, दीडशे घोड्यांपर्यंत आणलंस. ७००० पर्यंत जातं म्हणून व्हिडिओ पाठवलास, तो मी अख्ख्या उद्यमनगरला दाखवला. आणि चेंबर? चेंबर तेच, कंपनीचं, आत साधी एक आडवी पट्टीसुद्धा नाही. वरचा मजला वाढवला, पाया जुनाच.

तुझा तो शेजारी म्हणाला म्हणे की जुनी गाडी आहे तशीच ठेवायची असते. त्याचं मला पटत नाही. आमच्याकडं जीपला मागं बाकडी टाकून वडाप केलेली माणसं मी आयुष्यभर बघितली, त्यांच्यामुळंच आपलं घर चाललं. बदल कर, खुशाल कर. तुझं ते इंजिन म्हणजे आपल्या जुन्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनचा सख्खा भाऊ, एकाच घराण्यातला, स्ट्रोकसुद्धा तोच साडेतीन इंची. ही घराणी मार खातात. फक्त ७००० चा हिशेब मी पेन्सिलीनं केला तो बघ. त्या वेगाला वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो तेव्हा अर्ध्या किलोचा पिस्टन रॉडला दीड टनानं ओढतो. अख्खी अँबॅसिडर त्या दोन बोल्टांना टांगली तरी त्याहून कमी वजन पडेल. आणि वेग ५४०० वरून ७००० केला म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्त, पण ओढ वाढते १.६८ पट. गुऱ्हाळावरचं ऑइल इंजिन साडेसहाशेवर आयुष्य काढतं, म्हणून ते माझ्या वडिलांच्या वेळचं अजून चालू आहे.

आता जे लिहायला मी तीन कप चहा घेतला ते.

सुई, ऑइल प्रेशरच्या मीटरची. त्या दिवशी दुपारी तू मला मेसेज केलास. तो मी काल परत काढून वाचला. "लांब वळणावर ऑइल प्रेशर साठवरून वीसवर येतं, सरळ रस्त्याला लागलं की परत जातं. मस्त पळते आहे." आमचे साडेचार वाजले होते. मी दुकानात चहा पीत होतो. आणि मी तुला अंगठा पाठवला. चाळीस वर्षं क्रँक घासणाऱ्या माणसानं साठवरून वीस वाचलं आणि अंगठा पाठवला. पुढचं वाक्य 'मस्त पळते आहे' होतं, मी तेच वाचलं.

तू म्हणशील, सुई परत जात होती ना. प्रत्येक वेळी परत जात होती, आणि प्रत्येक वेळी दोन नंबरवरचा लेप थोडा पुसत होती. त्यानंतर तू जेवून परत दोन सत्रं केलीस. फुटायच्या आधी इंजिननं टकटक आवाज केला असणार, पण हेल्मेट, वेबरचा आवाज, कुठं ऐकू येणार. ते सोड.

तुला कधी सांगितलं नाही, १९८७ ला एका टॅक्सीवाल्याच्या अँबॅसिडरचा क्रँक मी ग्राइंड करून दिला. घाई होती, क्रँकमधली तेलाची तिरकी भोकं तारेनं साफ न करताच दिला. तो रत्नागिरीला भाडं घेऊन निघाला, आंबा घाटात इंजिन खडखडायला लागलं, ट्रकला दोरीनं बांधून गाडी परत आणली. मी त्याला काय म्हणालो असेन? "रेस जास्त दिलीस, नवीन इंजिन हळू पळवायचं असतं." चार लोकांसमोर म्हणालो. संध्याकाळी मिस्त्रींनी क्रँक घेतला, भोकात तार घातली आणि बाहेर आलेली करडी पेस्ट माझ्या अंगठ्यावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. पैसे मी परत केले, पण त्या माणसानं पुन्हा गाडी आणली नाही, रस्त्यात दिसला तर दुसऱ्या कडेनं जायचा. तू 'बोल्ट खराब निघाले का' विचारलंस ना, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला.

बरं, कामाचं.

तू लिहिलंयस की फोर्ज्ड रॉड आणि भारी बोल्ट मागवतेस. घे, माझी ना नाही. पण पहिला पैसा तिथं घालू नकोस, नाहीतर ते भारी रॉड त्याच वळणावर निळे होतील. आधी चेंबर. आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घे, त्यांना चाळणीच्या बाजूला आत उघडणारी झाकणं ठेव, म्हणजे तेल चाळणीकडं येईल पण वळणावर पळून जाणार नाही. जमलं तर तेल साठवणारी दाबाची टाकी बसव, प्रेशर पडलं की ती आपलं तेल आत सोडते. काट्याच्या जोडीला मोठा लाल दिवा लाव, डोळ्यांसमोर, पन्नासच्या खाली गेलं की लागणारा. काटा बघायला वेळ नसतो, मान्य.

ऑइल कूलर टाकून दे. धुऊन वापरीन म्हणशील, धुतला जात नाही. बेअरिंगचा चुरा त्याच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नव्या इंजिनात पहिल्या दिवशी उतरतो. पाइपसुद्धा टाक. कॅमशाफ्ट बघ, ती ब्लॉकमध्येच आहे आणि तुटलेल्या रॉडनं तिला फटका दिला असणार. हेड बहुतेक वाचेल, व्हॉल्व्ह वाकलेत का बघ.

ब्लॉकला ते भोक आहे ते स्टिच करता येतं, म्हणजे धातूचे टाके घालून बुजवता येतं, इथं मी चार लोखंडी ब्लॉक तसे वाचवलेत, पण ते शेतावरच्या इंजिनांसाठी. तू ७००० ला जाणार. दुसरा ब्लॉक घे. या गाड्या पाच लाखांहून जास्त बनल्या, ब्लॉकची कमी नाही. घरी आणलास की पहिल्यांदा रंगबिंग नको, मेन बेअरिंगच्या जागा मोजून घे.

आणि पहिली, दुसरी आणि चौथी पिन मायक्रोमीटरनं मोज. प्रत्येकी दोन ठिकाणी, एकमेकींना काटकोनात. आकडा जो येईल तो पाठव, शेवटचा अंक गोल करू नकोस. मी इथं लिहून ठेवतो, तिसरीची जागा मोकळी ठेवून.

दिवाळीला तुझ्या मैत्रिणीचा भाऊ येणार म्हणालीस. त्याच्याबरोबर दोन नंबरच्या वाट्या पाठव, कागदात गुंडाळून, तेल न पुसता.

तुझे,
आबा