नक्की किती भरायचे, ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाविद्यालयीन फीवाढीवरची वाचकांची पत्रे वाचतो आहे. वाढीच्या बाजूचे आणि विरोधातले, सगळेच छापील आकड्यावर भांडताहेत. माझी नोकरी फीच्या खिडकीमागे गेली, म्हणून थोडे वेगळे लिहितो.

फी किती, असे खिडकीवर फारसे कुणी विचारत नसे. ते माहितीपत्रकातच असायचे. विचारायचे ते हे : “सवलत धरून आम्हाला नक्की किती पडतील?” आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नसायचे. आधी प्रवेश घ्या, मग अर्ज करा, कागद तपासले जातील, मंजूर झाले तर कळेल. एक मुलगी सगळे ऐकून घेऊन, कोरा अर्ज माहितीपत्रकात घडी करून ठेवून गेली. पुन्हा आली नाही. नियमाने तिला जवळजवळ पूर्ण फी माफ झाली असती.

हे एकट्या माझ्या खिडकीचे दुखणे नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये एक प्रयोग केला. हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना घरी पत्र पाठवले : प्रवेश मिळाला तर चार वर्षे फी माफ, सवलतीसाठी एकही अर्ज भरायचा नाही. यातल्या बहुतेकांना एवढी मदत एरवीही मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. प्रत्यक्ष प्रवेश १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. शब्द आधी दिला आणि सवलतीचा अर्ज वाचवला, एवढाच काय तो फरक.

कर्जाचेही तसेच. पदवी गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे मोठ्या कर्जाला बँक सहसा घरादाराकडे बघते, आणि तेच नसते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये फी पुन्हा लावली, पण ती नंतर, कमाई ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर करातून वळती करून घ्यायची सोय ठेवली. नोकरी लागली नाही तर हप्ता नाही. अर्थात सगळ्यांना हे औषध लागू पडेल असे नाही. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये फीची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली. कर्जाची सोय अशीच होती, तरी नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या पार घसरली. फी माफ झाली तरी शिकण्याच्या वर्षांत बुडणारी मजुरी घरात कोण आणणार, हा प्रश्न वेगळाच; त्यावर कुठल्याच पत्रात अवाक्षर नाही.

माझी मागणी साधी आहे. माहितीपत्रकात फीच्या शेजारी आणखी एक रकाना छापा : घरचे उत्पन्न इतके असेल तर सवलत वजा जाता भरायची रक्कम इतकी. आणि ती मग बदलायची नाही. आगाऊ हिशेब जमत नाही, असे कार्यालये सांगतील. फी भरायला उशीर झाला तर दिवसाला दंड किती, हे मात्र आमच्या माहितीपत्रकात दरवर्षी न चुकता छापलेले असायचे.

आपला,
एक निवृत्त लिपिक