भाजल्यावरची पहिली वीस मिनिटे

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या खोलीतल्या मित्राच्या मनगटावर कुकरची वाफ आली आणि तुम्ही सर्वांनी मिळून त्यावर टूथपेस्ट थापली, हे तू फोनवर हसत हसत सांगितलेस, तेव्हापासून हे लिहायचे मनात होते. टूथपेस्ट गार लागते, पण तिने भाजलेले बरे होत नाही. चटका बसून गेल्यावरही त्वचेत शिरलेली उष्णता काही काळ आतले थर जाळत राहते आणि ती ओढून घेण्याचे काम वाहते पाणीच करते. टूथपेस्ट, तूप, हळद किंवा आजीची लाडकी निळी शाई यांचा लेप दिला, की जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना आधी तो लेप काढावा लागतो, आणि ते फार दुखते.

म्हणून भाजलेला भाग नळाखाली धरायचा, तोही घड्याळ लावून २० मिनिटे. दोन-तीन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते आणि माणूस हात काढून घेतो. तिथेच फसगत होते. पाणी नळाचे साधे असावे, बर्फ मुळीच लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि इजा वाढू शकते. लगेच जमले नाही, तरी तीन तासांच्या आत केलेले उपयोगी पडते. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते, तेव्हा ओट्याखाली भरलेली बादली आणि तांब्या कायम असू दे.

पाणी ओतत असतानाच अंगठी, कडे, घड्याळ उतरवावे, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. गरम तेलाने भिजलेला कपडा काढावा, मात्र कातडीला चिकटला असेल तर न ओढता भोवतीने कापावा. नंतर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैलसर ठेवावे. नुसता कापूस मात्र ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. आलेले फोड फोडू नयेत.

भाजलेल्याचा स्वतःचा तळहात बोटांसकट शरीराच्या एकूण त्वचेच्या सुमारे १ टक्का असतो. जखम त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे वा जांघेत असेल, तर दवाखाना गाठलाच पाहिजे. कातडी पांढरी वा काळी पडूनही दुखत नसेल, तर निर्धास्त होऊ नकोस. तिथल्या मज्जातंतूंपर्यंत जळले आहे असा त्याचा अर्थ असतो. धुरात सापडलेल्याचा आवाज घोगरा झाला किंवा नाकपुडीत काजळी दिसली, तर श्वासनलिका सुजण्याचा धोका असतो, म्हणून क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. विजेने भाजल्यास आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा, आणि खूण टिकलीएवढी असली तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे, कारण आत स्नायू आणि हृदय दुखावलेले असू शकते.

मोठ्या भागावर पाणी ओतताना माणूस गारठतो, तेव्हा उरलेले अंग चादरीने झाकावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, हे डॉक्टर विचारतील. तुझ्या नोंदीचा फोटो आईने तुला पाठवला आहे, तो मोबाईलमध्ये जपून ठेव.

तुझे,
बाबा