रक्तपेढीतल्या अनाम हातांना

औषधांना दाद न देणाऱ्या मल्टिपल मायलोमासाठी, म्हणजे एका रक्ताच्या कर्करोगासाठी, डाराटुमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ती ज्या चाचणीवर टेकली होती, तिच्यात १६ मिग्रॅ प्रतिकिलो हा डोस घेणारे रुग्ण १०६. त्यातल्या जेमतेम २९ टक्क्यांना गुण आला. आधी आभार त्या सगळ्यांचे, गुण न आलेल्यांचेही.

पहिलं सलाइन १००० मिलीचं, ताशी ५० मिलीने सुरू. थंडी भरली, घसा आवळला की थांबवायचं, उतार पडला की पुन्हा हळू. तासन्‌तास त्या नळीपाशी उभ्या राहिलेल्या परिचारिकांनो, आभार.

पण खरं ऋण रक्तपेढीचं. हे औषध लाल पेशींवरच्या सीडी ३८ या प्रथिनाला चिकटतं, मग क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का या चाचणीत, एकही पिशवी जुळेना! तपासणीच्या पेशींना डीटीटी हे सीडी ३८ मोडणारं रसायन लावून तंत्रज्ञांनी हा गुंता सोडवला. त्यात केल अँटिजेन ही लाल पेशींवरची रक्तगटाची खूणही नष्ट होते आणि तिची जुळणी तपासता येत नाही, म्हणून ती खूण नसलेलं, केल-निगेटिव्ह रक्त शोधायची वेगळी खटपट. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हा घोळ राहू शकतो. ‘पहिल्या डोसआधीच रक्तगट आणि अँटिबॉडी तपासून ठेवा,’ असं फोन करकरून बजावणाऱ्यांचे दुप्पट आभार.