२७० रुपयांचा फरक

अमरावती,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की, बी.कॉम. या उन्हाळ्यात संपते आहे, तर पुढे सी.ए. होण्यासाठी आणखी तीन-चार वर्षे कशासाठी. हिशेबच लिहायचा असेल तर दारव्ह्याच्या एखाद्या अडत दुकानात दिवाणजीचे काम आजही मिळेल. प्रश्न रास्त आहे. मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळीत मी बाबांची मागच्या हंगामाची लाल वही सोबत आणली होती. ती मी द्विनोंदी पद्धतीने पुन्हा मांडली: प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना, आधी तारखेवार रोजकीर्दीत, तिथून खातेवार खतावणीत आणि शेवटी सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, म्हणजे तेरीज. तेरजेच्या नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यावी लागते. माझी २७० रुपयांनी चुकली. दोन रात्री मी बाबांच्या अक्षराला दोष देत बसले. मग सरांनी फरकाला नऊने भागून पाहायला सांगितले, कारण शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की पडणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. २७० ला नऊने भाग गेला. बाबांनी फवारणीच्या औषधाचे १,८५० बरोबर लिहिले होते. खतावणीत उतरवताना मीच त्याचे १,५८० केले होते. बाबांची क्षमा मागते.

दिवाणजीचे काम इथे संपते. मला मात्र पुढचे शिकायचे आहे, कारण तेरीज जुळली तरी हिशेब खोटा असू शकतो. जो व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तो दोन्ही बाजूंनी गळतो आणि तेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही. बाबांच्या वहीत वेचणीच्या बायांची मजुरी पैशापैशाने आहे, आईचा मात्र एकही दिवस नाही, कारण तिला कोणी पैसे दिले नाहीत. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभाव सुचवताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमतही खर्चात धरतो. यंदाचा लांब धाग्याच्या कापसाचा ७,५२१ रुपये क्विंटल हा भाव ठरवतानाही ती धरलेली आहे. मी आईला विचारून तिचे निंदणा-वेचणीचे ७६ दिवस काढले आणि २५० रुपये रोजाने मांडले, तेव्हा आपल्याला कापसात झालेला ३१,००० चा नफा १२,००० वर आला. बाबा, रागावू नका, पण घरात गंजी लावलेल्या कापसाची किंमतही तुम्ही पुढे येईल अशा भावाने धरता. व्यापाऱ्याच्या शिल्लक मालाला आमच्या शास्त्रात खरेदीची किंमत किंवा विकून हाती येईल ती रक्कम, यांपैकी जी कमी ती लागते. होऊ घातलेला तोटा आधी लिहायचा आणि नफा हातात पडल्यावरच.

आता वर्षांचा हिशेब. बी.कॉम.ला ५५ टक्के असले की सी.ए.ची फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएट या दुसऱ्या परीक्षेला नाव घालता येते; मला आतापर्यंत ६८ टक्के आहेत. तिथे तीन-तीन पेपरांचे दोन गट असतात, आणि प्रत्येक पेपरात ४० व गटात एकूण ५० टक्के लागतात. ही परीक्षा अवघड आहे आणि मी एकदा नापास होऊ शकते, हे आताच सांगून ठेवते. त्यानंतर एखाद्या सी.ए.च्या हाताखाली दोन वर्षे आर्टिकलशिप, जी पूर्वी तीन वर्षांची होती, आणि शेवटी फायनल. आर्टिकलशिपमध्ये थोडे विद्यावेतन मिळते, त्यात माझ्या मेसचा खर्च निघेल. त्यासाठी कर्ज काढू नका आणि कापूसही घाईने विकू नका. कंपनीच्या ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून सही करण्याचा अधिकार कायद्याने फक्त सी.ए.ला दिला आहे. ती सही मला करायची आहे.

यंदाची वही गावाहून येणाऱ्या कोणाजवळ तरी पाठवावी. त्यात पुन्हा ‘किरकोळ ४,३००’ असे लिहिले असेल, तर ते कशाचे हे बाबांनी आठवून शेजारी लिहावे. आणि आई, हरभऱ्याच्या सोंगणीला तू ज्या ज्या दिवशी वावरात जाशील, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने एक टिंब देत जा.

तुमची,
मोठी